फिनिश बायबलमधलं वाक्य

संपादक महोदय,

भाषांतराची चर्चा आपल्याकडे शब्दांपाशीच अडते, वाक्याच्या ठेवणीकडे फारसं कुणी पाहत नाही. त्यासाठी फिनिश बायबल मुद्दाम पाहावं. मिकाएल आग्रिकोला यांनी १५४८ मध्ये नवा करार फिनिशमध्ये आणला, तेव्हा त्या भाषेत छापील गद्य जवळजवळ नव्हतंच. समोर ग्रीक, लॅटिन, जर्मन, स्वीडिश पाठ होते. त्यांची वळणं फिनिश वाक्यात उतरली आणि शतकानुशतकं टिकली.

योहानच्या शुभवर्तमानाची सुरुवातच घ्या. १७७६ च्या आवृत्तीत 'से साना', म्हणजे 'तो शब्द', असं आहे. फिनिशला जर्मनसारखं उपपद (इंग्रजीतल्या 'the'सारखा नामाआधीचा शब्द) नाही, तरी 'से' त्या जागी बसवलेला! १९३८ मध्ये तो गळला. १९९२ मध्ये तर लांब वाक्य तोडून 'आलुस्सा ओली साना' (आरंभी शब्द होता) इथेच पूर्णविराम दिला.

उत्पत्तीच्या पुस्तकात १९३३ च्या भाषांतरातही 'आलुस्सा लोई युमाला' आहे: आधी 'निर्माण केले', मग 'देवाने'. १९९२ मध्ये झालं 'आलुस्सा युमाला लोई'. मला जुना क्रम अधिक भारदस्त वाटतो, पण आजच्या फिनिश माणसाच्या तोंडी सहज बसतो तो नवाच.

— एक भाषाप्रेमी वाचक, पुणे