गुड फ्रायडेला झोपलेल्या माझ्या छकुलीला

छकुले,

प्रभूच्या नावाने सलाम.

एवढा मोठा मेसेज बघून घाबरू नको, इकडे सगळे ठीक आहेत, पप्पांची शुगर पण बरी आहे. फोनच केला असता, पण तुझा फोन लागला की मागे कुकरची शिट्टी, टीव्ही आणि तुझ्या मम्मींचा, म्हणजे सासूबाईंचा, आवाज, मग तू नुसतं "हो हो, बरं बरं" करतेस आणि मला कळतं की आत्ता हिला बोलता येत नाहीये. शुक्रवारी रात्री मात्र बाथरूममध्ये नळ सोडून बोललीस. ती आयडिया माझ्याकडूनच गेली असणार तुझ्याकडे. माझ्या लग्नाच्या वेळी मोबाईल नव्हते पण नळ होते, रडायला चालायचे. फक्त नगरला पाणी एक दिवसाआड यायचं त्यामुळे रडायचं पण टाइमटेबल बघून.

तर, तू रडत रडत सांगितलंस तेव्हा मला आधी वाटलं कोणी गेलं की काय. मग हळूहळू उलगडा झाला की बाई चर्चमध्ये झोपली. गुरुवारची हॉस्पिटलातली नाईट, आठ ते आठ, त्यात पहाटे चारला दोन अ‍ॅडमिशन, सकाळची सिस्टर उशिरा आली म्हणून तिच्याकडे ड्युटी सोपवेपर्यंत साडेनऊ. घरी येऊन अंघोळ, पांढरी साडी, आणि बारा ते तीन चर्चमध्ये प्रभूचे क्रुसावरचे सात उद्गार, एकेकावर एकेकाने बोलायचं. उपास म्हणून चहा पण नाही. पंख्याखालची, खांबाला टेकायची जागा मिळाली तेव्हाच मी असते तर तुला उठवून पुढे बसवलं असतं गं, ती जागा झोपेचीच असते, आपल्या चर्चमध्ये पण तिथे ठरलेली दोन म्हातारी माणसं बसतात. आणि चौथ्या उद्गारावर बोलणारे रिटायर्ड हेडमास्तर. चाळीस मिनिटं! देवाने पुत्राचा त्याग का केला हे ते सांगत होते आणि तेवढ्यात तू शुद्धीचा त्याग केलास, बास.

पाचवा उद्गार तुझा होता. "मला तहान लागली आहे." नाव दोनदा पुकारलं म्हणे, मग नणंदेने चिमटा काढला, आणि तू गालावर पदराच्या घडीचा वळ घेऊन पुढे गेलीस, लिहिलेला कागद पर्समध्येच राहिला. तू मला म्हणालीस की "मम्मी मी काहीतरीच बोलले, दोन मिनिटांत उतरले, सगळ्यांसमोर लाज गेली."

आता माझं ऐक. तुमच्या पाळकीणबाई, चर्चच्या पाळकसाहेबांच्या मिसेस, माझ्या मावसबहिणीच्या नात्यात आहेत हे तू विसरलीस. त्यांचा फोन शनिवारीच आला. त्यांनी सांगितलं की तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, हे वाक्य मी रोज रात्री ऐकते. एक आजोबा आहेत, ऑपरेशनमुळे त्यांना तोंडाने काही द्यायचं नाही असं लिहिलंय, आणि ते रात्रभर फक्त पाणी मागतात, मला देता येत नाही, मी कापसाचा बोळा ओला करून त्यांच्या ओठांना लावते, त्याच्यापेक्षा जास्त मला काही करता येत नाही. आमेन. आणि उतरलीस. पाळकीणबाई म्हणाल्या की त्यानंतर सहाव्या उद्गारवाले दादा उठायलाच तयार होईनात. तुला हे घरी कोणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगतेय. कागदावर काय लिहिलं होतंस मला माहीत नाही, पण ते यूट्यूबवरून काढलेलं असणार, तुझी सवय मला माहितीये.

घरी आल्यावर मम्मी म्हणाल्या, "आमच्या घरातलं माणूस आजपर्यंत चर्चमध्ये झोपलं नव्हतं." हे तुला लागलं. मलाही लागलं, खोटं कशाला बोलू, मी लगेच फोन उचलला होता आणि पप्पांनी तो हातातून काढून घेतला. मग मी शांत बसून बायबल उघडलं, भांडणाचा मुद्दा सापडतो का बघायला. आणि सापडला की! प्रभूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेत कोण झोपलं होतं? त्याचेच शिष्य, पेत्र, याकोब, योहान. सुट्टीवरचे नव्हते, खास निवडून बरोबर नेलेले. एकदा नाही, तीनदा उठवायला लागलं. आणि प्रभू काय म्हणाला, आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. त्यांनी तर आदल्या रात्री नाईटपण केली नव्हती, जेवून आले होते. (हे मम्मींना ऐकवू नको. म्हणजे लगेच ऐकवू नको.)

मुद्दा झोपेचा नाहीच. तुझं लग्न होऊन सव्वा वर्ष झालं आणि या सव्वा वर्षात तू एकदाही "मला जमणार नाही" असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. नाईटवरून येऊन सगळ्यांचा नाश्ता, रविवारी ड्युटी असली तर सकाळी सात वाजता मटण चढवून जायचं, महिला मंडळाची प्रार्थना, नणंदेच्या प्रोजेक्टची फाईल, ईस्टरची पहाटे पाचची उपासना. हे कुठून आलंय ते मला माहितीये. लग्नात वाचलं ना, बायबलातलं नीतिसूत्रे एकतीस, सद्गुणी स्त्री, तिचं मोल मोत्यांपेक्षा जास्त. माझ्याही लग्नात वाचलं होतं. आपल्यात हळद, पांढरी साडी आणि नीतिसूत्रे एकतीस यांच्याशिवाय लग्न लागतच नाही. मी त्या अध्यायाला इतकी वर्षं घाबरून होते, आणि परवा नीट वाचला, चष्मा लावून, पहिल्या ओवीपासून. लग्नात नेहमी दहाव्या ओवीपासून वाचतात. तर पहिल्या ओवीत लिहिलंय की ही लमुएल राजाची वचनं आहेत, त्याच्या आईने त्याला शिकवलेली. कळलं का? मुलाची आई मुलाला सांगतेय की बाळा बायको अशी बघ. मुलीच्या आईला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तो अध्याय निम्मा झाला असता.

आणि पंधरावी ओवी वाच. रात्र सरायच्या आधी ती उठते, घरच्यांना जेवायला देते आणि दासींना त्यांचा वाटा देते. दासींना! तिच्याकडे दासी होत्या गं. अनेकवचन आहे. मला तेहतीस वर्षं कोणी सांगितलं नाही. आपल्याकडे एक मावशी भांड्याला, ती पण पगार झाला की चार दिवस गायब.

मी हे महिला मंडळात बोलले, काय हसल्या सगळ्या. आम्ही गेलो होतो मागे मुक्ती मिशनला, ट्रॅव्हल्स करून, पंडिता रमाबाईंचं केडगाव, दौंडकडचं, आपलं नगरचं केडगाव नाही (ड्रायव्हरने खरंच विचारलं होतं की मॅडम एवढ्या जवळ जायला अख्खी गाडी?). तिथे फिरताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायका-मुली, आणि कोणी मागावर, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी शेतात, कोणी छापखान्यात. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, 1922 ला त्या गेल्या आणि 1924 ला ते छापून आलं. एवढं काम करणाऱ्या बाईने त्याच वेळी सगळ्यांच्या भाकरी पण थापल्या असतील का? कामं वाटलेली होती. एकाच बाईने नीतिसूत्रांचा अख्खा अध्याय करायचा असं तिथे नव्हतं. आपल्या खजिनदार बाई म्हणाल्या, मग आपल्याला का गं करायला लावतात, आणि नंतर चौफुल्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनीच सगळ्यांच्या चहाचे कप गोळा केले. सवय.

तुम्ही मैत्रिणी हे किती छान करता बघ वॉर्डात. दिवाळीला तू डबल करतेस म्हणून बीडची ती नाताळला तुझी नाईट घेते, रमजानमध्ये तिसरीला पहाटे सहेरी करता यावी म्हणून तुम्ही दोघी तिचे पेशंट बघता, आणि मग तिचा ईदचा शीरखुर्मा, बीडवालीचे अनारसे आणि आपल्या नाताळच्या करंज्या एकाच डब्यात. कोणी कोणाला म्हणत नाही की तुझ्या सणाला मी का राबू. नवीन लागलेल्या सिस्टरने तुला विचारलं होतं ना, लग्न झालंय तर टिकली का नाही लावत, तेव्हा बीडवालीनेच तिला सांगितलं की ती ख्रिश्चन आहे आणि तू आधी सलाईन बघ, संपत आलंय. मला फार आवडली ती मुलगी. हे रोस्टर प्रकरण तुम्हाला वॉर्डात कळतं तर घरात का नाही? फ्रिजवर लाव की एक कागद. घरच्यांना खरंच कळत नसतं गं कधी नाईट आणि कधी ऑफ. आपण मनातल्या मनात म्हणतो की एवढं कळत नाही का यांना, तर नाही कळत. सांगायचं.

आता माझं एक पाप सांगते, पप्पांना आजवर माहीत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, शाळा, घर, तुझी आजी आजारी, आणि त्यात शनिवारी महिला मंडळाची मीटिंग माझ्या घरी ठेवलेली. मी शाळेतून निरोप पाठवला की ताप आलाय. आणि माझ्याबरोबरच्या दोन शिक्षिकांना घेऊन मिसळ खायला गेले, जादा कट मागून. परत आले तर पाळकसाहेब स्वतः घरी प्रार्थना करायला बसलेले, माझ्या तापासाठी! मिसळीने तोंड लालभडक, कपाळावर घाम. ते म्हणाले, चेहऱ्यावरून दिसतंच आहे. डोक्यावर हात ठेवून दहा मिनिटं प्रार्थना केली. मी त्यानंतर वर्षभर मिसळ खाल्ली नाही. पण एक सांगते, त्या दिवशी रात्री मी जी झोपले ती लग्नानंतर पहिल्यांदा. म्हणून म्हणते की खोटं बोलायची वेळ येण्याआधी खरं सांगून टाक, ते स्वस्त पडतं.

अजून एक गोष्ट, ही मी मुद्दाम शेवटी ठेवली. तुझ्या हळदीच्या रात्री सगळ्या बायका गाण्यात होत्या आणि तुझ्या सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या मिरजेच्या ना. त्यांची आई मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स होती, डॉ. वानलेसांनी 1894 साली सुरू केलेल्या त्या दवाखान्यात, नाईटला जायची. मला म्हणाल्या, "लहानपणी मी आईची कॅप उशाशी घेऊन झोपायचे, तिला स्पिरिटचा वास यायचा." मग म्हणाल्या, आई सकाळी आली की आम्हाला बजावून ठेवलेलं असायचं, दार लावायचं, आवाज करायचा नाही, एकदा मी पाटा पाडला तर वडिलांनी मारलं होतं. एवढं बोलल्या आणि उठून गेल्या, हळद संपली का बघायला. छकुले, ज्या बाईने लहानपणी दिवसा झोपलेल्या आईसाठी पाऊल न वाजवता घर चालवलं ती नाईटवाल्या सुनेला समजून घेत नसेल असं मला वाटत नाही. कदाचित तिला वाटत असेल की माझी आई तर कधी थकलेली दिसली नाही. लेकराला कुठे दिसते. एक दिवस तुझा ऑफ असेल तेव्हा चहा घेऊन बस त्यांच्याजवळ आणि विचार त्यांना त्या कॅपबद्दल. उद्गार, झोप, काही काढू नको. फक्त कॅप विचार. आणि मग काय म्हणाल्या ते मला कळव, मला पण उत्सुकता आहे, त्या रात्री पुढचं राहूनच गेलं.

पगाराचं पण लिहायचं होतं, चर्चचा दशांश (दहावा भाग) काढून उरलेल्यातलं थोडं तुझ्या वेगळ्या खात्यात राहू दे, एवढंच, बाकी फोनवर.

गुरुवारी काकांचा पोरगा गाडी घेऊन पुण्याला येतोय, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला नाही तर दुपारपर्यंत वडगावशेरीला पोचेल. त्याच्याकडे बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, मम्मींसाठी लिंबाचं लोणचं (त्यांना गोड आवडतं, तिखटाची बाटली तुझी, झाकणावर टेप लावलीय) आणि एक कापडी पिशवी दिलीय. पिशवीत पडदा आहे. गडद निळा, आतून काळं अस्तर, दोन दिवस मशीनवर बसून शिवलाय, दुपारी बाराला पण खोलीत रात्र होईल. खिडकीचं माप तुझ्याकडे तीनदा मागितलं, तू दिलं नाहीस, म्हणून मी जावयांना मेसेज केला. त्यांनी रात्री अकरा वाजता टेप लावून फोटो पाठवला, फोटोत मागे मम्मी टॉर्च धरून उभ्या दिसतायत.

रॉड नसेल तर खिळे ठोकायला जावयांनाच सांग. आणि तू उठून चहा करायला जाऊ नको ते ठोकत असताना.

तुझी,
मम्मी