आजीच्या घरातून निघताना

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दोन गल्ल्या सोडून पाहिलेल्या त्या तळमजल्यावरच्या सदनिकेची अनामत रक्कम मी काल भरली. तुमच्या होकाराची वाट पाहिली नाही, कारण सोसायटीच्या पुनर्विकासाचे काम पावसाळ्यानंतर सुरू होणार आहे आणि जिन्यावरून बाबांचा पाय दोनदा घसरलेला आहे. आजीला जाऊन वर्षही झाले नाही आणि तिचे घर पाडायला निघालो, हे बाबांचे फोनवरचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यासाठीच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

बाबा, हे घर आजीने उभे केले हे खरेच आहे. पण नारायण पेठेतले पहिले घर तिला कसे सोडावे लागले, हे तुम्हीच मला इतक्यांदा सांगितले आहे. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि दुपारपर्यंत पेठांमध्ये पाणी शिरले. आजी तेव्हा जेमतेम एकोणतीस वर्षांची होती. काकांना कडेवर आणि तुम्हाला हाताला धरून, देवातला बाळकृष्ण पदरात बांधून ती पर्वतीकडे निघाली. पाणी ओसरल्यावर परतली तेव्हा स्वयंपाकघरात गुडघाभर चिखल होता आणि भिजलेले धान्य फुगून कुजले होते. त्या चिखलातून तिने हळदीचा फिरकीचा पितळी डबा उपसून काढला. त्याच्या झाकणाच्या आट्यांत अजूनही तांबूस माती अडकलेली आहे. लहानपणी मी ती टाचणीने कोरायला बसले, की आजी डबा हळूच माझ्या हातातून काढून घेत असे. रागावत मात्र कधीच नसे.

खडकवासला फुटल्यामुळे नळ कोरडे पडले होते. पुराने वेढलेल्या शहराने पुढे कित्येक दिवस आड आणि हौद यांच्या पाण्यावर काढले. पूरग्रस्तांसाठीच्या तात्पुरत्या पत्र्याच्या घरांतल्या, निसन हटमधल्या, त्या दिवसांबद्दल आजीने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. अर्धगोल पत्र्याखाली उन्हाळ्यात अंग भाजत असे, पण तिथेच तिने हप्त्यावर शिवणयंत्र घेतले आणि शेजारणींची परकर-पोलकी शिवायला सुरुवात केली. पूरग्रस्तांच्या सोसायटीत सहकारनगरचे हे घर मिळाले, तेव्हा त्याच्या हप्त्यांत त्या यंत्राचा वाटा आजोबांच्या पगाराइतकाच होता, असे आत्या म्हणते आणि मला ते पटते.

त्र्याण्णव वर्षांच्या आयुष्यात तिने इतकी बिऱ्हाडे हलवली, तरी गेलेल्या वास्तूसाठी डोळ्यांत पाणी आणलेले आपण कोणीही पाहिले नाही. मोतीबिंदू काढल्यावर सुईत दोरा स्वतः ओवता आला, तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले होते. आई, तू तेव्हा तिच्या शेजारी बसली होतीस. तिला शेवटपर्यंत न्हाऊ घालणारी, दुपारच्या चहात आले किसून घालणारी तू आहेस, त्यामुळे या घरावर तुझा जीव बाबांइतकाच आहे हे मला ठाऊक आहे. तू बोलत नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिते.

नव्या जागेत सकाळी स्वयंपाकघरात ऊन येते. दूधवाला तोच राहील, वाणीही तोच. बाबांना तळजाईवर जायला रस्ता ओलांडावा लागणार नाही. स्नानगृहात आधाराच्या दांड्या बसवायला सांगितल्या आहेत. देवघर पूर्वेच्या भिंतीला बसते, मी मोजून पाहिले. आणि बाबा, तुमची आरामखुर्ची खिडकीशी ठेवू. सुट्टीत मी तिच्या हातावर बसून तुमच्याकडून पाढे म्हणून घेत असे आणि एकोणतीसच्या पाढ्याला झोपेचे सोंग करत असे. ती खुर्ची मी कोणालाही देऊ देणार नाही.

आता काही गोष्टी ऐकाच. माळ्यावर बाबांनी चढायचे नाही. आईने पिठाचे डबे उचलायचे नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या आणि दोघांची कागदपत्रे एका पिशवीत वेगळी ठेवा, ती सामानाच्या गाडीत जाता कामा नये. शिवणयंत्राला तेल देऊन जुन्या चादरीत गुंडाळा. ते काकांकडे न्यायचे की आपल्याकडे ठेवायचे, हे बाबांनी ठरवावे, मी त्यात बोलणार नाही. आजीचे वर्षश्राद्ध याच घरात होईल, तशी सोसायटीकडून मुदत मागून घेतली आहे. त्यानंतरच सामान हलेल.

हळदीचा डबा घासायला टाकू नका. मी शनिवारी येत आहे, तो मी स्वतः बांधीन.

तुमची,
चिमी