खर्र्याचा डबा उंचावर टांगायचा आहे: डबे, हुक आणि रात्रीच्या ऑटोसाठी मदतीचे आवाहन

नमस्कार.

आम्ही नागपूरच्या पारडी-कळमना भागातल्या बचत गटांच्या बाया. आमच्यासोबत वस्तीतल्या अंगणवाडीताई आणि आशाताई आहेत. मागायला आलो आहोत, पण आधी काय घडलं ते ऐकून घ्या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं सव्वा वर्षाचं लेकरू दुपारी एकाएकी ओकायला लागलं. लाळ थांबेना, अंग घामानं गार, चेहरा पांढराफटक. आई बाजारात मिरचीची देठं खुडायच्या कामावर, घरी आजी एकटी. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं दात येत असतील. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पोर डोळे उघडेना. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, काही खाल्लं का? तिन्ही वेळा घरच्यांनी नाही म्हणून सांगितलं. शेवटी आजीनंच रडत कनवटीची पन्नी काढून दाखवली. त्यात अर्धाच खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी, उरला होता.

लेकरू वाचलं. पण त्या तीन ‘नाही’मध्ये गेलेला वेळ आम्हाला अजून टोचतो. आजीला कोणी बोल लावू नका. खर्रा कोणाच्या घरी नाही? हमाली करणारा रात्रपाळी त्याच्यावरच काढतो, आणि बायाही मागे नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण बिनधुराचा तंबाखू घेणारा निघाला होता. आमच्या गल्ल्यांत फिरलं की हा आकडा खोटा वाटत नाही.

रांगतं, नुकतं चालायला लागलेलं मूल हाती येईल ते तोंडात घालतं. त्यात बाबा रोज जे चघळतो ते त्याला खाऊच वाटणार. खर्र्यात तंबाखू आणि सुपारीसोबत चुना घोटलेला असतो, आणि चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतून लवकर रक्तात उतरतं. मोठ्या माणसाला सवय झालेली असते, वजनही पन्नास-साठ किलोचं. दहा किलोच्या लेकराला तेवढाच तंबाखू विष होतो. विझलेल्या बिडी-सिगारेटच्या थोटकातही निकोटीन उरलेलं असतं. गुडाखूची (दातांना लावायच्या ओल्या तंबाखूची) डबी, दात घासायची मिश्री, थुंकायला खाटेखाली ठेवलेला डबा, यातलं काहीच पोराच्या हाती लागायला नको. थुंकीच्या डब्यातलं पाणी तर जास्तच वाईट, कारण निकोटीन त्यात आधीच उतरलेलं असतं. चुन्याची पुडी दाबली की फुटून चुना डोळ्यात उडतो आणि डोळा भाजतो, तीही पोराच्या हाती लागायला नको.

लक्षणं बहुतेक वेळा तासाभरात दिसतात. आधी ओकारी, लाळ, घाम, चिडचिड. त्यानंतर मूल शांत पडलं तर बरं वाटतंय असं समजू नका. सुस्ती येणं, श्वास मंदावणं, झटके येणं ही पुढची पायरी असू शकते. बोटानं तोंडातलं काढा, ओल्या फडक्यानं पुसा. ओकारी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं मेयो किंवा मेडिकल हा मोठा सरकारी दवाखाना गाठा. उरलेली पन्नी सोबत न्या आणि काय खाल्लं ते पहिल्याच प्रश्नाला सांगा. याला सरळ उतारा नाही, श्वास आणि ठोके सांभाळूनच उपचार होतात. म्हणून डॉक्टरला लवकर कळणं फार मोलाचं आहे.

खर्रा सोडा, हे आम्ही सांगतोच. सोडायचं मनावर घेतलेल्यांना १८०० ११२ ३५६ हा सरकारी मोफत नंबरही देतो. पण सवय सुटायला महिने लागतात आणि पोर आजच रांगतंय. तोवर ज्या घरात लहान मूल आहे, त्या प्रत्येक घरात घट्ट झाकणाचा एक डबा आणि मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक हुक, एवढं आम्हाला करायचं आहे. तंबाखूचं सगळं त्या डब्यात. उशीखाली नाही, कोनाड्यात नाही, शर्टाच्या खिशात खुंटीला नाही.

यासाठी डबे द्या. जुने चालतील, पण झाकण मुलाला उघडता येऊ नये. इतवारीतल्या भांडेवाल्या दादांनी पोचे पडलेला माल दिला तरी आम्ही तो घासूनपुसून वापरू. हुक, खिळे, ड्रिल मशीन घेऊन रविवारी दोन तास येणारी मुलं हवीत. लक्षणांचा कागद मोठ्या अक्षरात छापून देणारा कोणी हवा. रोख मदतीतून आधी रात्रीच्या ऑटोचं भाडं बाजूला काढू, कारण खिशात पैसे नाहीत म्हणून सकाळपर्यंत थांबलेली घरं आम्ही पाहिली आहेत. रात्री अडीचला उठून येतील अशा ऑटोवाल्या भावांनी आपलं नाव द्यावं. पै-पैचा हिशेब गटाच्या महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचला जाईल.

ठेलेवाल्या दादांना वेगळी विनंती. पाच-सहा वर्षांची पोरं घरच्यांसाठी खर्रा घ्यायला येतात. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहेच, पण कायद्याच्या आधी तुमच्या ओळखीचं ते लेकरू आहे. त्याला परत पाठवा, मोठ्याला येऊ द्या. रागावला तर आमचं नाव सांगा.

डबे आणि मदत वस्तीतल्या अंगणवाडीत सकाळच्या वेळी ताईंकडे द्यावी, पावती तिथेच मिळेल.