म्हणे कामगाराचा निष्काळजीपणा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर ग्राइंडरचं व्हील फुटून कामगार जखमी झाल्याची बातमी वाचली. चार ओळी अपघाताच्या, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडल्याचे समजते.’ कुणाकडून समजते? तो पोरगा तर दवाखान्यात आहे, त्याच्या जबड्याला टाके आहेत. म्हणजे मालकाकडून समजले. तसं तरी छापायचं!

मशीनवर गार्ड, म्हणजे व्हीलभोवतीचं झाकण, होता का? काम टेकवायचा रेस्ट आणि व्हील यांच्यात फट किती होती? व्हीलवर किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, छापलेले होते आणि मशीन किती फिरत होतं? यातलं एकही आपल्या वार्ताहराने विचारलेलं दिसत नाही. मोबाइलवर बोलत होता का, हे मात्र विचारलेलं दिसतं. नव्हता, असंही त्याच बातमीत आहे. मग निष्काळजीपणा कसला, ते आम्हा वाचकांनी समजून घ्यायचं.

मी फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मेंटेनन्सला होतो. बेळगावच्या उद्यमबागेतली कोणती फाउंड्री ते लिहीत नाही, कारण उरलेल्यांतही फार वेगळं नव्हतं. आमच्या फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग (कास्टिंग) घासून साफ करतात त्या खात्यात, दोन बाजूंना दगड असलेला बारा इंची, जमिनीवर उभा पेडेस्टल ग्राइंडर होता. दगड म्हणजे व्हीलच. ज्याला त्यातलं कळतं त्याला सांगायला नको, पण आपल्या वार्ताहरासाठी लिहितो. काम टेकवायला दगडासमोर रेस्ट असतो. दगड आणि रेस्ट यांच्यात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. पण दगड रोज झिजतो आणि रेस्ट जागच्या जागी राहतो. फट आपोआप वाढत जाते. म्हणून रेस्ट पुढे सरकवत राहायचा. बोल्ट सैल करायचा, सरकवायचा, आवळायचा. पाच मिनिटांचं काम. हे मशीन बंद करून करायचं, आणि इथेच सगळं अडतं. कंत्राटावरच्या पोरांना नगावर पैसे. मशीन बंद म्हणजे त्यांची मजुरी बंद.

आमच्या त्या ग्राइंडरच्या रेस्टचा बोल्ट गंजून बसला होता. आटे गेलेले. खानापूरकडचा एक पोरगा त्यावर असायचा. तो मला म्हणाला, ‘‘काका, रेस्ट लई लांब गेलाय, बघा की जरा.’’ मी बघितलं, अंगठा जाईल एवढी फट होती. मेंटेनन्सच्या वहीत लिहिलं : रेस्टचा बोल्ट नवा हवा, तोवर मशीन बंद ठेवावं. सुपरवायझरने वही वाचली, सही केली आणि मशीन चालू ठेवलं. डिस्पॅचची गाडी दारात उभी होती. गार्डचं बाजूचं झाकण त्याआधीच काढून ठेवलेलं, मोठं कास्टिंग आत जात नाही म्हणून. ते झाकण कोपऱ्यात होतं, त्यावर पोरं डबे ठेवायची.

पुढचं सांगायला फार काही नाही. एक पातळ कास्टिंग त्या फटीत ओढलं गेलं, अडकलं आणि दगड फुटला. झाकण असतं तर तुकडे आतच अडले असते. पोराचा डावा डोळा गेला. डोळ्यांवर चष्मा होता त्याच्या. खडे बाजारातून स्वतःच्या पैशाने आणलेला काळा चष्मा, उन्हात घालतात तो. कंपनीचे गॉगल स्टोअरमध्ये कुलपात होते, पाहुणे आले की निघायचे.

तिसऱ्या दिवशी पाहणीला साहेब आले. त्यांनी बघितलं ते मशीन गार्ड लावलेलं, रेस्ट जागेवर आणि नवा बोल्ट. रंग इतका ताजा की हात लावला असता तर हिरवा झाला असता. साहेबांनी हात लावला नाही. माझी वही मागवली तर नवी कोरी वही पुढे आली, जुनी भिजली म्हणे. पोराचं नाव कंत्राटदाराच्या हजेरीत, आणि हजेरी कंत्राटदाराच्या घरी. शेवटी कागदावर आलं काय, तर कामगाराने पुरेशी काळजी घेतली नाही. आपल्या बातमीतलं वाक्य वाचून मला तोच कागद आठवला. फक्त भाषा थोडी सुधारली आहे, त्याबद्दल आभार.

आता कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी कशाला. मग आज कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाऊन बघा. चार इंची हँड ग्राइंडरचा गार्ड काढायचा आणि त्यावर सात इंची व्हील चढवायचं, भोक जुळत नसेल तर वायसर घालायचा. हे रोज चालतं. चार इंची मशीन मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतं. सात इंची व्हीलवर 8,500 च्या आसपास मर्यादा छापलेली असते. असल्या व्हीलची कड सेकंदाला 80 मीटर वेग झेलेल अशी बनवतात, म्हणजे ताशी 288 किलोमीटर. मोठं व्हील छोट्या मशीनवर चढवलं की कडेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. मग ते कधी फुटणार एवढाच प्रश्न उरतो. आणि हे करणारा पोरगा निष्काळजी नसतो, त्याला सात इंची मशीन कोणी घेऊन दिलेलं नसतं. व्हीलच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर मुदतीची तारीख असते, हे तर कित्येक दुकानदारांनाही माहीत नाही. जुना माल स्वस्तात मिळाला की मालक खूश.

नवा दगड चढवण्याआधी हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवून बघायचा. खानापूरचा माठ घेताना बायका टिचकी मारून बघतात, तसंच. खणखणीत वाजला तर चढवा, बद्द वाजला तर तडा आहे. रेझिनचा दगड तेवढा खणखणत नाही, पण कानाला सवय झाली की फरक कळतो. चढवल्यावर एक मिनिट मोकळा फिरवायचा आणि समोर उभं राहायचं नाही. याला पैसा लागत नाही. कोणी शिकवत नाही, एवढंच.

1948 च्या कारखाने कायद्यात, तो 2025 पर्यंत लागू होता, कलम 30 होतं. ग्राइंडिंगच्या प्रत्येक मशीनजवळ कायमची पाटी हवी : दगडाच्या कडेचा जास्तीत जास्त सुरक्षित वेग किती, स्पिंडल किती फिरतो, तो वेग राखायला पुली किती व्यासाची. आणि कलम 108 म्हणायचं की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत हव्यात. बहुसंख्य कामगारांना, संपादक महोदय. आमच्या फेटलिंगला अर्धी पोरं खानापूर तालुक्यातली, उरलेली चंदगडकडची. पाटी होती ती कन्नड आणि इंग्रजीत. मला कन्नडचं वावडं नाही, सून धारवाडची आहे, घरात दोन्ही भाषा चालतात. पण ज्या पोराचा डोळा जाणार आहे त्याला वाचता येईल अशी पाटी मागितली तर लगेच सीमाप्रश्न कसा होतो? आता बिहार-ओडिशाची पोरं आली आहेत, त्यांच्यासाठी हिंदीत लावा. 2024 पासून दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा जो नियम आहे त्यावर आपण आणि आपले नेते रकानेच्या रकाने भरता. भरा. पण मशीनवरच्या पाटीसाठी या गावात एकही मोर्चा निघालेला माझ्या आठवणीत नाही. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना दुकानांच्याच पाट्या दिसतात.

तो कायदा जुना झाला, नोव्हेंबर 2025 पासून 2020 ची कामगार सुरक्षा संहिता लागू झाली, असं सांगणारे भेटतात. तीही वाचली. विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये दहा कामगार असले की कारखाना धरला जायचा, तो आकडा त्यात वीस केला आहे. म्हणजे अठरा पोरांची शेड आता कारखानाच नाही! पूर्वी एकाच शेडला तीन नावं देऊन माणसं वाटून दाखवावी लागायची, तेवढा त्रास वाचला.

आणखी एक. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहाचा फोटो आपणच छापला होता. प्रमुख पाहुण्यांच्या हातात हँड ग्राइंडर, गळ्यात हार, मागे शपथेचा फलक. ग्राइंडरला गार्ड नाही, पाहुण्यांच्या डोळ्यांवर गॉगल नाही, आणि हाराची फुलं व्हीलपासून वीतभर अंतरावर. खंडेनवमीला आम्हीही मशीनला हार घालतो, पण तेव्हा मेन स्विच बंद असतो. त्या फोटोखाली ‘मान्यवरांचा निष्काळजीपणा’ असं काही छापलेलं नव्हतं.

कालच्या बातमीचा पुढचा भाग देणार असाल तर वार्ताहराला मालकाच्या केबिनऐवजी फेटलिंगमध्ये पाठवा. रंग ओला आहे का ते बोटाने बघायला सांगा. आणि लवकर पाठवा, दोन दिवसांत वाळतो.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स कामगार
अनगोळ, बेळगाव
(नाव छापू नये. मुलगा अजून त्याच पट्ट्यात नोकरीला आहे.)

ता. क. : हल्ली अंक साडेआठशिवाय येत नाही. एजंटाला विचारलं तर तो म्हणतो गाडीच उशिरा येते. बघा जमलं तर.