घोडं झाडाला बांधू नका

महोदय,

त्र्यंबक, हरसूल, पेठकडच्या रानात घोडी घेऊन मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी हवीच. पण खरी गफलत होते ती बांधण्यात. थेट खोडाला बांधलेलं घोडं रात्रभर टापांनी मुळं उकरतं, साल कुरतडतं. साल सभोवार सोलली गेली की झाड वाळतंच.

त्यापेक्षा दोन जाड खोडांना तीन इंच रुंद पट्टे गुंडाळावेत आणि त्यांच्यामध्ये सुमारे सात फूट उंचीवर दोर ताणावा. मोहरकीची (घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्यांची) दोरी त्याला अशी बांधावी, की तोंड चाऱ्यापर्यंत पोचेल पण दोरी जमिनीवर लोळणार नाही. लोळली की पाय अडकतो आणि घाबरलेलं घोडं स्वतःलाच जखमी करतं. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. ती मुख्य दोरावर सरकू नये, नाहीतर दोन घोडी एकमेकांना लाथा झाडतात.

पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, उन्हाळ्यात जास्तच. ते बादलीने पाजावं. झऱ्यात घोडी उतरवली की काठ ढासळतात. ३५० किलोच्या घोड्याला रोज सुमारे सात किलो सुका चारा सोबत न्यावा. रानात मोकळं चरू देणं धोक्याचं, कारण घाणेरी विषारी आहे. कण्हेरीची तर थोडी पानंही जीव घेतात. चंदी, म्हणजे दाणा, तोंडाला अडकवायच्या पिशवीतून, तोबऱ्यातूनच द्यावी, आणि दमलं म्हणून एकदम वाढवू नये, पोटशूळ उठतो.

मुक्कामाच्या ठरलेल्या जागी वनखात्याने दोन भक्कम खांब रोवून द्यावेत, एवढीच मागणी.

— काही अश्वपालक, नाशिक