मळमळतंय का, असं विचारणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय मॅडम,

ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, आम्हा सगळ्या सिस्टरांकडून आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमना हे पत्र. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून देतोय.

सीझरसाठी मणक्यात भूल दिली की पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त खालीच साचतं. त्यात बाई उताणी झोपली की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं. म्हणून बीपी पडतं, हे तुमच्याआधी येणाऱ्या भूलतज्ज्ञांनाही ठाऊक होतं. तरी आधी बाटलीभर सलाईन चढवून वाट पाहायची, एवढंच चालायचं. ते सलाईन शिरांत टिकत नाही. बीपी ८० पर्यंत उतरलं की औषधाची अँप्युल (काचेची कुपी) शोधायची पळापळ, आणि ओकणाऱ्या बाईला वर ऐकवायचे, "एवढं काय, होतंच असं." त्या शब्दांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही बीपी पडायची वाट पाहिली नाहीत. रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवणाऱ्या फिनाइलएफ्रीनची १० मिलिग्रॅमची अँप्युल १०० मिली सलाईनमध्ये, म्हणजे १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम. सिरिंजला लेबल, आणि भूल देताच ती सिरिंज थेंबाथेंबानं रिकामी करणारा पंप तासाला ३० मिलीवर सुरू. सलाईन त्याच वेळी जोरात. उजव्या कुशीखाली चादरीची घडी, पोट डावीकडे कललेलं. बाळ बाहेर येईपर्यंत दर मिनिटाला बीपी. सुरुवातीचं वरचं बीपी १२० असेल तर १०८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, हे तुम्ही फळ्यावरच लिहून ठेवलंत. प्रेशर चढून नाडी ६० च्या खाली आली तर पंप बंद; नाडी आणि प्रेशर दोन्ही उतरले तर दोन्ही चढवणारं इफेड्रीन. बाळ झाल्यावर गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन सावकाश, कारण ते भर्रकन दिलं तरी बीपी कोसळतं.

पण आमच्या मनात राहिलंय ते वेगळंच. पंप लावून झाला की तुम्ही बाईच्या डोक्याशी स्टूल ओढता, दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवता आणि चेहऱ्याकडे बघत विचारता, "ताई, मळमळतंय का? जांभई येतेय का?" बीपीचा दंडावरचा पट्टा फुगून आकडा दिसेपर्यंत अर्धं मिनिट जातं, बीपी पडतंय हे बाईला त्याच्या आधीच मळमळीतून कळलेलं असतं. ती नुसतं "कसंतरी होतंय" म्हणाली की तुमचा हात सिरिंजकडे जातो, अर्धा ते एक मिली. औषध दिल्यावरही मनगट सोडत नाही. पडद्याअलीकडे एकटी पडलेली, हात पसरून बांधलेली ती बाई तेवढ्यानं शांत होते. तिचं म्हणणं कुणीतरी खरं मानलेलं असतं. माणुसकी आम्ही ओटीत पाहिली ती अशी.

घडीची चादर आता धुऊन ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातच ठेवतो. पंप चार्जिंगला असतो. आणि तुम्ही औषध भरत असता तेव्हा डोक्याशी उभी असलेली सिस्टर विचारते, "ताई, मळमळतंय का?"

तुमच्या,
ओटीतल्या सिस्टर