केसपेपरवर रुग्णाचे शब्दही येऊ द्या

संपादक महोदय,

एका आजारावरचे औषध भलत्याच आजारावर लागू पडल्याची हकिगत छापून येते, तेव्हा श्रेय हमखास नशिबाला दिले जाते. सारी नोकरी वॉर्डात केलेल्या माझ्यासारख्या परिचारिकेला हे पटत नाही. बहुतेक वेळा रुग्णाने काहीतरी बोलून दाखवलेले असते आणि कुणीतरी त्याकडे कानाडोळा केलेला नसतो.

अमँटाडीनचेच घ्या. हे त्या काळी फ्लू टाळण्यासाठी दिले जाणारे औषध. १९६८ मध्ये कंपवाताच्या ५८ वर्षांच्या एका बाईंनी बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट श्वाब यांना सांगितले की, फ्लू होऊ नये म्हणून या गोळ्या घेत होते तेव्हा हातांची थरथर आणि अंगाचा ताठरपणा बराच कमी झाला होता. सहा आठवड्यांनी गोळ्या थांबल्या आणि त्रास परत सुरू झाला. बाई फ्लूची तक्रार घेऊन आल्या नव्हत्या, गोळीही कंपवाताची नव्हती. ‘योगायोग असेल’ म्हणून विषय तिथेच संपला असता. श्वाब यांनी इतर रुग्णांना देऊन पाहिले, १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजही कंपवातात हे औषध देतात.

क्षयावरच्या इप्रोनियाझिडने १९५२ च्या सुमारास खाटेला खिळलेले रुग्ण उत्साहाने बोलू-फिरू लागले, त्यातून नैराश्यावरच्या औषधांची वाट सापडली. रक्तदाबाच्या मिनॉक्सिडिलने केस वाढू लागल्याचेही आधी दुष्परिणाम म्हणूनच नोंदले गेले होते.

म्हणून कुणी मनानेच गोळ्या घेऊ नयेत, हे कळकळीने सांगते. झोपेसाठी दिलेल्या थॅलिडोमाइडमुळे हजारो बाळे हातापायांच्या व्यंगासह जन्मली. १९६१ मध्ये ते बाजारातून काढावे लागले. तेच औषध १९६४ मध्ये जेरुसलेमला डॉ. जेकब शेस्किन यांनी वेदनांनी झोप उडालेल्या कुष्ठरुग्णाला दिले, तर अंगावरच्या गाठीही ओसरू लागल्या. आज ते कुष्ठरोगातील या गुंतागुंतीवर आणि एका रक्ताच्या कर्करोगावर वापरतात, पण गर्भधारणा होऊ नये याची कडक काळजी घेऊनच.

राउंडच्या वेळी ताप, नाडी, रक्तदाब लिहिला जातो. ‘सिस्टर, या गोळीनं माझं खाजवणं थांबलं बघा’ हे मात्र हवेत विरते. केसपेपरवर रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांसाठी दोन ओळी राखून ठेवाव्यात आणि राउंडला डॉक्टरांनी त्या वाचाव्यात, एवढीच विनंती.

– एक निवृत्त परिचारिका